मुद्रिकेवरील नांव

सन १९७३ मध्यें ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ या अमेरिकन वाद्यवृंदाची ‘बाँगो रॉक’ ही दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचें संगीत फंक पद्धतीचें, म्हणजे स्वरापेक्षां तालास प्राधान्य देणारें. तींतील ‘अपाची’ या रचनेंत एक जागा अशी आहे कीं, तेथें इतर वाद्यें थांबतात आणि जिम गॉर्डन यांचा ड्रम व किंग एरिसन यांचा बाँगो एवढेच बोलत राहतात.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील नृत्यसभांतून कूल हर्क यांनीं ही जागा हेरली. दोन यंत्रांवर एकाच मुद्रिकेच्या दोन प्रती ठेवून, एकीवरील ठेका संपतांच ते दुसरीवर तोच आरंभीत. त्या अखंड तालावर तरुण नाचूं लागले, यमकबद्ध बोल म्हणूं लागले. हिप हॉपचा उदय झाला तो असा. मात्र प्रतिस्पर्ध्यांस मुद्रिका ओळखूं येऊं नये, म्हणून हर्क तिच्यावरील नांवाची चिठ्ठी पाण्यांत भिजवून काढून टाकीत!

पुढें जुन्या मुद्रिकेचा तुकडाच नव्या गाण्यांत बसविण्याची रीत पडली आणि ती मुंबईच्या गाण्यांपर्यंत येऊन पोंचली. ‘ज्योति’ (१९८१) या चित्रपटासाठीं बप्पी लाहिरी यांनीं रचलेल्या व लता मंगेशकर यांनीं गाइलेल्या गीताचा तुकडा २००२ सालीं ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाण्यांत वाजला. पण लाहिरींचा नामोल्लेख नव्हता. प्रकरण लॉस एंजलिस येथील न्यायालयांत गेलें. श्रेय छापल्याविना मुद्रिका विकूं नये, असा आदेश २००३ मध्यें निघाला.

२००५ सालीं ‘ब्लॅक आइड पीज’ या मेळ्यानें ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) यांतील आशा भोसले यांचीं दोन गाणीं आपल्या ‘डोंट फंक विथ माय हार्ट’ या गाण्यांत गुंफलीं. या वेळीं रचनाकारांच्या नामावलींत संगीतकार कल्याणजी-आनंदजी व गीतकार इंदीवर यांचीं नांवें होतीं. २००६ मध्यें त्या गाण्यास रॅप विभागांतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

मुंबईच्या श्रोत्यास काय किंवा बीड जिल्ह्यांतील तेलगांवच्या श्रोत्यास काय, या भगिनींचा स्वर ओळखण्यास चिठ्ठी लागत नाहीं. परक्या देशांतील श्रोत्यास मात्र तोच एक आधार. ठेका हातोहात जगभर फिरावा, यांत कलेची हानि नाहीं. ज्या हातांतून तो प्रथम उमटला, त्यांचें नांव पुसलें जाणें ही मात्र खचित हानि होय.