पर्जन्यछायेतील हंगाम : उचल, कोयता आणि शाळा

अवर्षण पडले की माणसे गाव सोडतात, हे विधान इतके स्वयंस्पष्ट वाटते की त्याची चिकित्सा सहसा होत नाही. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, म्हणजे पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर या तालुक्यांतून, दसरा-दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात त्यांच्याविषयीही हेच कारण सांगितले जाते. तथापि बरा पाऊस झालेल्या वर्षीही ती निघतातच. तेव्हा या स्थलांतराचे मूळ केवळ आकाशात न शोधता पाण्याच्या इतिहासातही शोधावयास हवे.

1876-78 च्या दुष्काळाच्या काळात व त्यानंतर मुंबई सरकारने दख्खनमध्ये कालव्यांची जी कामे हाती घेतली, त्यांचा मूळ हेतू ज्वारी-बाजरीला अवर्षणात आधार मिळावा हा होता. नीरेचा डावा कालवा त्यांपैकीच. परंतु ज्वारीला पाऊस पुरला तर कालव्याच्या पाण्यास गिऱ्हाईक नसे. पाणीपट्टी नियमाने भरली ती उसाने. पाणी थोड्यांच्याच उसात जिरू नये म्हणून विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘ब्लॉक पद्धती’ सुचविली, पण ओघ फिरला नाही. 1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले, 1932 च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षण मिळाले आणि पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा राहिला. उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी लागते. बालाघाटावर पाऊस पडतो तो सहाशेच्या आगेमागे. दुष्काळनिवारणार्थ अडविलेले पाणी बारमाही पिकाकडे वळले, आणि त्या पिकाची तोडणी कोरड्या तालुक्यांकडे आली.

या व्यवहाराची शब्दसंपत्ती लक्षणीय आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. आजचा ‘मुकादम’ टोळी जमविणारा कंत्राटदार होय. ‘कोयता’ हे हत्याराचे नाव पतिपत्नींच्या जोडीचे माप बनले असून एकट्या माणसास ‘अर्धा कोयता’ म्हणतात. (व्याकरणात यास लक्षणा म्हणावे, हिशेबाच्या वहीत ती मजुरी ठरविण्याची रीत आहे.) सर्वांत अर्थपूर्ण शब्द मात्र ‘उचल’ हा. कारखान्याचे धुराडे पेटण्यापूर्वी, पावसाळ्यातच, घरातले धान्य सरत आलेले असते. बियाणे, आजारपण, लग्नाचे देणे ही सारी निकड एकदमच उभी राहते. त्या वेळी हाती पडणारी आगाऊ रक्कम म्हणजे उचल. ती स्वीकारल्यावर काम शोधण्याचा प्रश्नच उरत नाही. काम आधीच ठरलेले असते. हंगामाअखेर ती फिटली नाही, तर पुढच्या वर्षीचा हंगामही तिच्यातच बांधला जातो.

1972 च्या दुष्काळात सुरू झालेल्या आणि 1977 च्या कायद्याने अधिष्ठान लाभलेल्या रोजगार हमी योजनेमुळे हे स्थलांतर थांबेल, अशी अपेक्षा अस्थानी नव्हती. मागेल त्याला काम हे तिचे तत्त्व थोरच. परंतु तिची मजुरी कामाचे मोजमाप झाल्यावर मिळे, तर उचल कामाच्या आधी मिळे. गरज आषाढात आणि मजुरी मोजमापानंतर, या अंतराकडे योजनेच्या टीकाकारांनी व समर्थकांनीही पुरेसे लक्ष दिले आहे असे वाटत नाही.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पहिले सत्र संपता संपता गाडी जोडली जाते. कुटुंब परतते ते पाडव्याच्या मागेपुढे, वार्षिक परीक्षा तोंडावर आली असता. मधले संपूर्ण दुसरे सत्र फडाकाठच्या कोपीत जाते. थोरली मुलगी तान्ह्या भावंडाला सांभाळते, मुलगा वाढे बांधू लागतो. हंगामी वसतिगृहांनी आजी-आजोबांपाशी मागे राहिलेल्या काही मुलांची सोय केली. पण तान्हे मूल असलेल्या घरातील थोरली मुलगी मागे ठेवणे आईला परवडत नाही, कारण कोपीत दुसरे कोणी नसते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने तिला वयानुरूप वर्गात बसविले. त्या वर्गाच्या पुस्तकातला दुसऱ्या सत्राचा भाग तिने कधी पाहिलेलाच नसतो.