कच्च्या लिंबाची बखर

लपंडाव असो की लगोरी, आपल्या अंगणातल्या खेळांत एक मोठी शहाणी सोय होती. शेजारचे चार वर्षांचे पोर खेळायचा हट्ट धरून बसले, की त्याला 'कच्चे लिंबू' म्हणून डावात घेत. ते धावे, ओरडे, पडे. पण बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नसे. डाव हरला तरी त्याच्या माथी खापर फुटत नसे, कारण त्याची गणतीच नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत जी मुले कानांना हेडफोन लावून संगणकापुढे बसलेली दिसतात, त्यांच्या खेळात ही सोय उरलेली नाही. तेथे प्रत्येक गडी मोजला जातो. जिंकला की आकडा चढतो, हरला की उतरतो, आणि त्या आकड्यावरून त्याची पायरी ठरते. तळच्या पायरीवर अडकलेला गडी मग रात्र रात्र एकच विचार करतो, की येथून वर जावे कसे? घरातल्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न पोरकट वाटेल. पण त्याला चांगला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात संगणकावर न होता बुद्धिबळाच्या पटावर झाली.

अमेरिकेत मिलवॉकी येथे आर्पाद एलो नावाचे पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक होते. जन्म हंगेरीतला, १९०३ सालचा; लहानपणीच ते कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले. स्वतः उत्तम बुद्धिबळ खेळत. खेळाडूंची ताकद आकड्यांत मांडण्याची पद्धत अमेरिकेत आधीही होती, पण ती ओबडधोबड होती. एलोंनी तिला संभवशास्त्राचा पाया दिला. त्यांचा विचार असा, की कोणताही खेळाडू रोज सारखा खेळत नाही. तो आपल्या सरासरीच्या आसपास कधी वर, कधी खाली झुलत असतो. दोघांच्या आकड्यांत दोनशेचा फरक असेल, तर वरचढाने चार डावांत सुमारे तीन डावांइतके गुण मिळवावेत ही अपेक्षा. अपेक्षेहून अधिक मिळवले तर आकडा वाढवायचा, कमी मिळवले तर घटवायचा. बलाढ्याला हरवले की भरपूर गुण, दुबळ्याला हरवले की चिमूटभर. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ही पद्धत १९६० मध्ये स्वीकारली आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये.

या पद्धतीच्या मर्यादा खुद्द एलोंइतक्या कोणी ओळखल्या नव्हत्या. पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या मोजपट्टीने मोजावी, तसे हे काम आहे, अशी उपमा त्यांनीच दिली होती. एवढी नम्रता पुढे तो आकडा वापरणाऱ्यांत फारशी दिसली नाही.

शिवाय बुद्धिबळात माणूस एकटा असतो. हरला तर दोष कोणाला द्यायचा, हा प्रश्न उद्भवत नाही. सांघिक खेळ तारेवरून सुरू झाले तेव्हा गोष्ट बदलली. १९९६ मध्ये 'क्वेक' हा गोळीबाराचा खेळ आला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या काही तरुणांनी त्याच्यावरून 'टीम फोर्ट्रेस' हा संघांचा खेळ घडवला. १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' आला. त्या काळी खेळाडू आपल्या पसंतीचा सर्व्हर यादीतून निवडून तेथे जात. सर्व्हर म्हणजे जणू एक आळी किंवा तालीम. रोज तीच माणसे भेटत. नवख्याला हुसकावत, त्याची टिंगल करीत. पण एखादा जुना गडी 'असा कोपऱ्यात उभा राहू नकोस, तिकडून ये' असे शिकवीतही असे.

२००४ मध्ये 'हेलो २' ने घरोघर वेगळी व्यवस्था रुजवली. आता खेळाडूने आळी शोधायची नाही. यंत्रच त्याच्या आकड्याजोगे अनोळखी भिडू आणि अनोळखी शत्रू जमवून डाव मांडणार. न्याय्य लढत मिळाली हा लाभ खरा. परंतु माझ्या मते त्याच दिवशी तालमीतला वस्ताद हरवला. तळच्या गड्याभोवती सगळे तळचेच गडी. डाव संपला की कोण कोठला, पुन्हा भेट नाही. शिकवणार कोण आणि कोणाला?

२००३ साली 'वॉरक्राफ्ट ३' या खेळाच्या हौशी चाहत्यांनी 'डोटा' नावाचा नवा डाव रचला. दोन बाजू, प्रत्येकी पाच वीर, तीन रस्ते, रस्त्यांवर बुरूज, आणि शेवटी शत्रूचा मुख्य गड पाडायचा. रस्त्याने लहान शिपायांच्या रांगा चालून येतात. ज्याचा शेवटचा घाव बसेल त्यालाच मोहरा मिळतात. त्या मोहरांतून शस्त्रे घ्यायची. पाच जणांपैकी एक जण सतत मरत राहिला, तर शत्रू त्याच्या जिवावर श्रीमंत होतो आणि बाकीचे चौघे हताश होऊन बघतात. याच वंशातला 'लीग ऑफ लेजंड्स' २००९ मध्ये निघाला आणि त्यात एलोंचा आकडा आला. बुद्धिबळासाठी केलेले माप पाचांच्या खांद्यांवर चढले.

मग जे व्हायचे ते झाले. तळच्या गड्यांत एक पुराणकथा जन्मली, 'एलोचा नरक'. मी चांगला आहे, पण भिडू असे नालायक मिळतात, की मला वर जाताच येत नाही. शिव्याशापांना ऊत आला. २०११ मध्ये त्या कंपनीने खेळाडूंचीच एक पंचायत बसवली. तक्रार झालेल्या डावांतले संवाद वाचून खेळाडूच निवाडा देत. २०१४ पर्यंत ती पंचायत चालली.

या पुराणकथेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. डावात दहा गडी. मी धरून माझ्या बाजूला पाच, तिकडे पाच. नालायक भिडू यदृच्छेने वाटले जात असतील, तर माझ्या बाजूला त्यांना चारच जागा. पाचवी मी अडवली आहे. शत्रूकडे मात्र पाच जागा मोकळ्या. म्हणजे मी खरोखर वरच्या पायरीचा असेन, तर दुर्दैवाचा वाटा दीर्घकाळात शत्रूकडेच थोडा अधिक जाणार. खोच 'दीर्घकाळात' या शब्दात आहे. आज रात्री दहा डाव हरले, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

किती डाव लागतात, याचे उत्तर केंब्रिजमधल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दिले. २००५ मध्ये त्यांची 'ट्रूस्किल' ही पद्धत वापरात आली. तिच्यात प्रत्येक गड्याचे दोन आकडे असतात: एक त्याच्या कौशल्याचा अंदाज, दुसरा त्या अंदाजाबद्दलची शंका. शंकेची तिप्पट अंदाजातून वजा करून जे उरते ते पायरी म्हणून दाखवायचे. नवख्याचा अंदाज पंचवीस आणि शंका त्याच्या एक तृतीयांश, म्हणून पहिल्या दिवशी बाकी शून्य! त्या शून्याचा अर्थ 'हा मुलगा ढ आहे' असा नसून 'याला आम्ही अजून ओळखत नाही' असा आहे, हे किती जणांच्या लक्षात येत असेल? एकास एक खेळात गड्याची ओळख पटायला सुमारे बारा डाव पुरतात. चारास चार खेळात सुमारे शेहेचाळीस. संघामागे लपलेला माणूस यंत्रालाही चटकन दिसत नाही.

आणि ओळख पटल्यावरही पायरी तळचीच निघाली तर? येथे मला एका यंत्राचीच हकिगत सांगावीशी वाटते. 'ओपनएआय फाइव्ह' हा पाच वीरांचा यांत्रिक संघ 'डोटा २' खेळायला शिकला. दहा महिन्यांत तो स्वतःशीच पंचेचाळीस हजार वर्षांच्या तोलाचे डाव खेळला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हँकूव्हरला तो माणसांकडून हरला, आणि १३ एप्रिल २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जगज्जेत्या 'ओजी' संघाला त्याने सरळ दोन डावांत हरवले. या यंत्रात 'संघभावना' नावाचा एक आकडाच घातलेला होता. तो लहान असेल तर प्रत्येक वीर स्वतःच्या लाभापुरते पाहणार. एक झाला तर पाचांच्या सरासरी लाभावर समाधान मानणार. शिक्षण सुरू झाले ते हा आकडा खाली ठेवून, आणि मग हळूहळू तो वाढवत नेला. कारण साधे आहे. पाचांचे श्रेय-अपश्रेय आरंभीच एकत्र कालवले, तर आपल्या कोणत्या हालचालीने काय साधले हे शिकणाऱ्याला कळतच नाही.

तळच्या गड्याचे दुखणे नेमके हेच आहे. हार पाचांची, म्हणून त्याला आपली चूक दिसत नाही. जे वर चढतात त्यांच्या सवयी पाहिल्या तर त्यांत चमत्कार काही नसतो. शंभरावर वीर उपलब्ध असताना ते दोन-तीनच वीर धरून बसतात. शेवटचा घाव अचूक बसावा म्हणून रिकाम्या मैदानात एकटेच हात बसवतात. कोपऱ्यातल्या चिमुकल्या नकाशाकडे दर काही क्षणांनी नजर टाकतात. आणि हरलेला डाव पुन्हा पाहतात. ही सोय फार जुनी: क्वेकमध्ये १९९६ पासून डाव नोंदवता येत असे, 'स्टारक्राफ्ट' मध्ये २००१ पासून. पाहताना एकच गोष्ट टिपायची: मी मेलो कोठे, आणि त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत मला काय दिसायला हवे होते. भिडूने काय केले, हे त्या वेळी झाकून ठेवायचे. हे बोलायला सोपे. पण मध्यरात्री हरल्यावर पुढचा डाव सुरू करण्याचे बटण समोर लुकलुकत असताना आपल्याच मरणाची उजळणी करीत बसणे याला मन लागते. बहुतेक जण ते बटण दाबतात.

आपल्याकडे मराठी घरांना या खेळांची खरी ओळख झाली ती चौघांच्या टोळीने खेळायच्या 'पब्जी मोबाइल' ने. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात त्याच्यावर बंदी आली आणि पुढच्या वर्षी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' आला. त्यातही कांस्यापासून चढत जाणाऱ्या पायऱ्या आल्याच. ज्या घरात दहावीच्या टक्क्यांवरून मुलाची किंमत होते, त्या घरात तो संध्याकाळी आणखी एक आकडा घेऊन बसतो, आणि या आकड्याविषयी त्याला कोणी विचारीतही नाही. कोठे मेलास, कसा मेलास, एवढे एखाद्या आजोबांनी विचारले तर पोरगे तासभर सांगत बसेल.

'लीग ऑफ लेजंड्स' ने २०१३ च्या हंगामात तो आकडा पडद्यावरून काढला आणि त्याच्या जागी कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या मांडल्या. २०१९ मध्ये कांस्याच्याही खाली लोखंडाची पायरी घातली. तरी मुलांच्या तोंडी शब्द राहिला तो 'एलो'च. ज्यांचे हे आडनाव, ते प्राध्यापक नोव्हेंबर १९९२ मध्ये वारले. आपल्या नावाचा एक नरक होणार आहे, हे त्यांच्या कानी गेले नाही.