वायमॅक्स का मागे पडले?

शिक्षकांच्या शिबिरांत आम्हाला हमखास एक प्रश्न विचारला जातो : "शाळेसाठी कोणते नेट घ्यावे? ४जी पुरेल की ५जीच हवे?" विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एखादी जाहिरात असते आणि तिच्यावर ठळक अक्षरांत वेगाचा आकडा असतो. आम्ही लगेच उत्तर देत नाही, आधी एक गोष्ट सांगतो. २००१ ते २०१६ या काळात घडलेली ही गोष्ट दोन तंत्रांच्या शर्यतीची आहे. त्यातले एक आज आपल्या खिशात आहे. दुसरे मोबाइल सेवेतून जवळजवळ नाहीसे झाले आणि त्याच्या निरोपाच्या वेळी काही शैक्षणिक संस्थांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

शेवटचा मैल

इंटरनेट एका शहरातून दुसऱ्या शहरात नेणे तुलनेने सोपे असते. एक जाड तार टाकली की काम होते. खर्च वाढतो तो गावापासून प्रत्येक घरापर्यंत, प्रत्येक शाळेपर्यंत तार ओढताना. दूरसंचाराच्या भाषेत याला 'शेवटचा मैल' म्हणतात. हा मैल तारेवाचून, रेडिओलहरींनी पार करता येईल का, या विचारातून अमेरिकेतील आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९९ साली एक गट नेमला. त्याचे '८०२.१६' हे मानक २००१ मध्ये मंजूर झाले. त्याच वर्षी उपकरणे बनवणाऱ्यांनी 'वायमॅक्स फोरम' स्थापन केला. वायमॅक्स हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव तेथून आले.

सुरुवातीच्या मानकात मनोरा आणि ग्राहक यांच्यात सरळ नजर पोहोचणे आवश्यक होते. पुढे कमी वारंवारतेच्या लहरी वापरून ही अट सैल झाली आणि २००५ च्या सुधारणेने चालत्या वाहनातही जोडणी टिकू लागली. इंटेल कंपनीने या तंत्राचा जोरदार पुरस्कार केला. जसे वायफाय प्रत्येक लॅपटॉपमध्ये आले, तसेच वायमॅक्सही येईल, असा तिचा होरा होता.

त्या काळी वायमॅक्सबद्दल दोन आकडे सगळीकडे छापून येत : वेग सेकंदाला ७० मेगाबिट आणि पल्ला ५० किलोमीटर. वाचणाऱ्याला वाटे, मनोऱ्यापासून ५० किलोमीटरवरच्या शाळेत ७० मेगाबिट मिळणार. हे आकडे खोटे नव्हते, पण ते एकाच ग्राहकाला एकाच वेळी मिळणारे नव्हते. त्यांच्यामध्ये 'किंवा' हा शब्द हवा होता. जाहिरातीत तो 'आणि' झाला.

फळ्यावरचे अक्षर

असे का, ते फळ्याच्या उदाहरणाने चटकन समजते. बारीक अक्षर काढले तर फळ्यावर पुष्कळ मजकूर मावतो, पण शेवटच्या बाकावरच्या मुलांना तो दिसत नाही. त्यांच्यासाठी अक्षर मोठे काढावे लागते आणि मग मजकूर कमी मावतो. मनोराही हेच करतो. जवळच्या ग्राहकाला तो लहरीच्या एका खुणेत ६ बिट भरून पाठवू शकतो. दूरच्या ग्राहकाकडे लहर क्षीण होऊन पोहोचते, गोंगाटात तिच्या बारीक खुणा ओळखू येत नाहीत, म्हणून त्याला एका खुणेत २ बिटच पाठवावे लागतात. शिवाय फळा एकच असतो. समजा, मनोऱ्याच्या एका बाजूची एकूण क्षमता २० मेगाबिट आहे आणि तेथे ४० जण एकाच वेळी बसले आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मेगाबिट येईल.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. लहर इमारतींवर, डोंगरांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी पोहोचते आणि आधीच्या खुणेचा उरलेला भाग पुढच्या खुणेत मिसळतो. हे वर्गात करून पाहता येईल. रिकाम्या सभागृहात एका मुलाला भरभर आकडे वाचायला सांगा, मग तेच सावकाश वाचायला सांगा. सावकाश वाचलेले स्पष्ट कळतात. पण सावकाश वाचल्यास वेळ जातो. यावर उपाय असा की, एकाने भरभर वाचण्याऐवजी अनेकांनी वेगवेगळ्या पट्टीत, सावकाश, एकदम वाचायचे. ऐकणाऱ्याने प्रत्येक पट्टी वेगळी ओळखायची. या पद्धतीला ओएफडीएम म्हणतात. तिची सैद्धांतिक मांडणी बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्ये केली होती. ती स्वस्तात अमलात आणण्यासाठी जलद गणित करणाऱ्या चिप्स यायला मात्र काही दशके जावी लागली.

हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण वायमॅक्सने ओएफडीएम वापरले आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यानेही तेच वापरले.

प्रतिस्पर्धी

तो प्रतिस्पर्धी म्हणजे एलटीई. जुन्या मोबाइल फोनच्या जीएसएम कुटुंबाची मानके ठरवणाऱ्या '३जीपीपी' या संघटनेने २००४ च्या अखेरीस त्यावर काम सुरू केले आणि २००८ च्या डिसेंबरात पहिला आराखडा पक्का केला. क्वालकॉम कंपनीचे यूएमबी नावाचे तिसरे तंत्रही शर्यतीत होते, पण ते घेणारी मोठी मोबाइल कंपनी मिळेना. नोव्हेंबर २००८ मध्ये ते सोडून देण्यात आले.

वायमॅक्सला चांगली आघाडी मिळाली होती. दक्षिण कोरियात त्याचाच एक भाऊ 'वायब्रो' या नावाने जून २००६ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील स्प्रिंट कंपनीने आपल्या चौथ्या पिढीसाठी वायमॅक्स निवडल्याचे जाहीर केले. २००८ संपेपर्यंत १० कोटी लोकांपर्यंत पोहोचण्याचे तिचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात सप्टेंबर २००८ मध्ये पहिले शहर सुरू झाले, ते बाल्टिमोर. एलटीईची पहिली व्यावसायिक सेवा स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे १४ डिसेंबर २००९ रोजी सुरू झाली, म्हणजे वायब्रोनंतर तब्बल साडेतीन वर्षांनी. तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये खुद्द स्प्रिंटनेच एलटीईकडे वळण्याची घोषणा केली.

भौतिकी जवळपास तीच होती आणि आघाडीही हातात होती, मग असे का झाले?

पहिले कारण लहरींचे. वायमॅक्सला बहुतेक ठिकाणी २.३, २.५ किंवा ३.५ गिगाहर्ट्झचे पट्टे मिळाले. २.५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर ७०० मेगाहर्ट्झची सुमारे ४३ सेंटिमीटर. लांब लहरी अडथळ्यांना वळसा घालून जास्त सहज पोहोचतात आणि भिंतीत त्यांची घट सहसा कमी होते. अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीने २०१० मध्ये एलटीई सुरू केले ते ७०० मेगाहर्ट्झवर. वायमॅक्सचा ग्राहक खिडकीपाशी जाऊन बसे. तेवढेच क्षेत्र झाकायला वायमॅक्सला मनोरेही अधिक लागत.

दुसरे कारण जुन्या संसाराचे. जगातील बहुतेक मोबाइल कंपन्या जीएसएम कुटुंबातल्या होत्या. त्यांचे मनोरे, ग्राहक आणि परदेशातील करार तयार होते. जेथे एलटीई नाही तेथे फोन आपोआप जुन्या जाळ्यावर उतरावा, ही सोय एलटीईच्या मानकातच होती. वायमॅक्सला सगळे नव्याने उभारावे लागत होते.

तिसरे कारण थोडे तांत्रिक आहे. घाटात रस्त्याचे काम चालू असले की एकाच पट्टीतून वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या गाड्या आळीपाळीने सोडतात. लहरींच्या एकाच पट्ट्यातून जाणारे आणि येणारे संदेश असे आळीपाळीने सोडता येतात. वायमॅक्सचा जम या एकेरी पट्ट्यांतच होता. चायना मोबाइल या प्रचंड कंपनीने एलटीईचा याच पद्धतीने चालणारा प्रकार, टीडी-एलटीई, उचलून धरला. मग वायमॅक्सची स्वतःची जागाही एलटीईला मोकळी झाली.

शाळांचे काय झाले?

आता शाळांकडे येऊ. अमेरिकेत १९६३ साली २.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा दूरचित्रवाणीवरून धडे पोहोचवण्यासाठी शिक्षणसंस्थांना राखून दिला होता. पुढे यातल्या अनेक संस्थांनी आपल्या लहरी कंपन्यांना भाड्याने दिल्या. स्प्रिंटशी जोडलेल्या क्लियरवायर कंपनीचे वायमॅक्स अशा लहरींवरही चालत होते. त्या बदल्यात मोबाइल बीकन आणि मोबाइल सिटिझन या संस्थांमार्फत शाळा, ग्रंथालये आणि गरीब कुटुंबे यांना स्वस्त, अमर्याद इंटरनेट मिळे.

स्प्रिंटने नोव्हेंबर २०१५ मध्ये वायमॅक्स बंद करण्याचे ठरवले. नवे एलटीई अधिक वेगवान होते, यात शंका नाही. पण त्यावर पूर्वीसारखा अमर्याद वापर मिळणार की नाही, यावरून वाद झाला. दोन्ही संस्था मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने काही शहरांतील सेवा आणखी ९० दिवस चालू ठेवण्याचा हुकूम दिला. अखेर २०१६ च्या मार्चअखेर ते जाळे बंद झाले. ज्या मुलांचा गृहपाठ त्यावर अवलंबून होता, त्यांना हरलेले तंत्र पुरेसे उपयोगी होते.

आपल्याकडे

भारत सरकारने २०१० च्या मे-जूनमध्ये २.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव केला. त्यातून सुमारे ३८,५०० कोटी रुपये आले. कोणते तंत्र वापरावे, याची सक्ती नव्हती. भारत संचार निगमने काही ग्रामीण भागांत वायमॅक्स उभारले होते. लिलावातील मोठ्या कंपन्या मात्र टीडी-एलटीईकडे गेल्या. एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने कोलकात्यात पहिली सेवा सुरू केली, ऑक्टोबरमध्ये ती पुण्यात आली. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे नेमकी शिक्षकदिनी सुरू झाली. तोवर तिने २.३ गिगाहर्ट्झच्या जोडीला १८०० आणि ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीही घेतल्या होत्या. भिंतीपलीकडे पोहोचण्याचा धडा येथेही कामी आला. तरीही २०२० च्या टाळेबंदीत कोकणातली मुले अभ्यासासाठी टेकडीवर जाऊन बसत होती, हे आपण पाहिले आहे. वेग असतो तो मनोरा असेल तेथेच.

५जीच्या वेळी भारतीय तंत्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न मांडला. ग्रामीण भागात दोन मनोऱ्यांमधील अंतर ६ किलोमीटर असतानाही सेवा चालावी, ही कसोटी त्यांच्या आग्रहाने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ५जी कसोट्यांत आली. त्यासाठी '५जीआय' नावाचे भारतीय मानकही तयार झाले. ते वेगळे ठेवले असते, तर वायमॅक्ससारखे एकटे पडण्याचा धोका होता. त्यातील सुधारणा पुढे ३जीपीपीच्या मानकातच सामावून घेतल्या गेल्या. ही वाट शहाणपणाची होती, असे आम्हाला वाटते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. कोणी वेगाचा आकडा पुढे केला, तर आम्ही शिक्षकांना चार प्रश्न विचारायला सांगतो. हा वेग मनोऱ्यापासून किती अंतरावर मिळतो? तो एकाच वेळी किती जणांत वाटला जाणार? बंद वर्गखोलीत तो किती उरतो? आणि ही सेवा पाच वर्षांनी बंद झाली, तर आमच्या उपकरणांचे काय होणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुलांनाच शोधू द्यावीत. एक फोन, एक वही आणि शाळेचा नकाशा एवढे साहित्य पुरे. मैदान, व्हरांडा, वर्ग आणि प्रयोगशाळा येथे सकाळी आणि मधल्या सुट्टीत वेग मोजावा आणि नकाशावर लिहावा. जाहिरातीतला आकडा त्या नकाशाशेजारी ठेवला, म्हणजे शाळेला कोणते नेट हवे, ते मुलेच सांगतील.