हमामातली मधली खोली

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल बऱ्हाणपूरला गेली. आम्ही खानदेशातले. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी मुघलांच्या काळी ते खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते, त्यामुळे आमच्याकडची मुले तिथे परकी म्हणून जात नाहीत. तापीकाठच्या शाही किल्ल्यातला हमाम दाखवताना वाटाड्याने मुमताजमहलच्या अंघोळीचे ठरलेले वाक्य टाकले आणि मुले तोंडावर हात धरून हसली. सातवीतल्या एका मुलीला मात्र हसू आले नाही. तिने विचारले, "अंघोळीसाठी एवढी मोठी इमारत कशाला? आमच्या घरी तर मोरीत भागतं." तेव्हा आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तिचे उत्तर आज इथे लिहीत आहोत.

हमाम हा अरबी शब्द, त्याचा धातू उष्णतेचा. तापाला अरबीत 'हुम्मा' म्हणतात, तोही त्याच धातूतून आलेला. उर्दूत आपण ज्याला बुखार म्हणतो त्याचा अरबीतला अर्थ तर नुसता 'वाफ' असा आहे! वर्गात हे सांगितले की मुलांना मोठी गंमत वाटते. आपल्याकडे हमाम उरला तो एका साबणाच्या नावात आणि 'हमाम में सब नंगे' या म्हणीत. एके काळी तो वैद्यकातला शब्द होता, हे मात्र आपण विसरलो.

जमिनीखाली पोकळी ठेवायची, बाजूला भट्टी पेटवायची आणि तिची गरम हवा त्या पोकळीतून फिरवून फरशी तापवायची, ही युक्ती रोमन लोकांची. सीरियाच्या भागात मुसलमानांना अशी स्नानगृहे तयार मिळाली. त्यांनी ती पाडली नाहीत, वापरली आणि पुढे स्वतः बांधली. आजच्या जॉर्डनमधल्या वाळवंटात आठव्या शतकातले कुसैर अम्रा उभे आहे. त्यात गार, कोमट आणि गरम अशा तीन खोल्या एकीला लागून एक आहेत. हमामाचे सारे शास्त्र या रांगेतच आहे.

इब्न सीना (980–1037) याने 'अल-कानून फित्तिब' या ग्रंथात या खोल्यांचे मिजाज सांगितले आहेत. पहिली गार आणि ओलसर, दुसरी उबदार आणि ओलसर, तिसरी गरम आणि कोरडी. माणसाने एकदम तिसरीत शिरायचे नाही. दुसरीत थांबायचे, अंगाला ऊब मुरू द्यायची, मग पुढे. बाहेर पडतानाही तसेच, पायरीपायरीने. गार पाण्याच्या स्नानाबाबत तर तो फारच सावध आहे. तरुण, धडधाकट माणूस असावा, उन्हाळ्याचे दिवस असावेत, अजीर्ण, जुलाब, पडसे यांपैकी काही नसावे. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांनी त्या वाटेला जाऊ नये. आजचे डॉक्टर वेगळ्या भाषेत जवळपास हेच सांगतात. उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, थंडीने आकसतात. अचानक बर्फगार पाण्यात उतरले की श्वास अडखळतो, रक्तदाब झपकन चढतो, आणि हृदयाच्या रोग्याला ते जिवावरचे ठरू शकते.

पाणी एकच, पण माणसे एक नसतात, याचा जुना दाखला रोममध्ये सापडतो. इसवी सनापूर्वी 23 मध्ये सम्राट ऑगस्टस मरणपंथाला लागला होता. अँटोनियस म्युसा नावाच्या वैद्याने गरम शेक सोडून त्याला गार पाण्याची स्नाने आणि गार पेये दिली. सम्राट उठून बसला आणि म्युसाला धन, मान, सर्व काही मिळाले. त्याच वर्षी सम्राटाचा तरुण भाचा मार्सेलस आजारी पडला. वैद्य तोच आणि उपचारही तोच. मार्सेलस वाचला नाही. दुसरी गोष्ट पहिलीइतकी कुणी सांगत नाही.

अबू बक्र राझीची कथा याहून चटकदार आहे. बाराव्या शतकातल्या निजामी अरुझीने ती 'चहार मकाला'त दिली आहे. बुखाऱ्याचा अमीर मन्सूर बिन नूह याचे सांधे धरले होते, उठता येईना. राझीने त्याला शहराबाहेरच्या हमामात नेले. नोकरांना बाहेर ठेवले, दारात एक घोडा आणि एक खेचर तयार ठेवायला लावले. मग त्याने अमीराच्या अंगावर कोमट पाणी सोडले, औषधी काढा पाजला आणि सांधे सैल होईपर्यंत तो थांबला. त्यानंतर बाहेर जाऊन कपडे चढवले आणि हातात सुरी घेऊन परत येऊन अमीराला शिव्या घालू लागला. संतापाने आणि भीतीने अमीर ताडकन उभा राहिला! राझी तोवर घोड्यावर. थेट मर्वला पोहोचल्यावर त्याने पत्र धाडून खुलासा केला, आणि अमीराने त्याला वर्षासन बांधून दिले.

इतिहास शिकवणाऱ्याने इथे खोड काढलीच पाहिजे. राझी सन 925 च्या सुमारास वारला आणि मन्सूर बिन नूह गादीवर आला 961 मध्ये. म्हणजे ही भेट झालेली नाही. पण आम्हाला कथेतली एक गोष्ट खरी वाटते. तिच्यातला वैद्य रोग्यापाशी थांबतो, सांधे सैल होण्याची वाट पाहतो, आणि मगच पुढचे पाऊल टाकतो. सुरी सर्वांच्या लक्षात राहते, थांबणे कुणाच्या राहत नाही.

हिंदुस्थानात आल्यावर बाबराला तीन गोष्टींनी गांजले: ऊन, वारा आणि धूळ. तिन्हींवर त्याला हमाम हाच उतारा दिसला आणि 1526 नंतर आग्र्याच्या बागेत त्याने तो बांधून घेतला. बऱ्हाणपुरात 1615 मध्ये अब्दुर्रहीम खान-ए-खानानच्या वेळी कुंडी भंडाऱ्याचे काम झाले. शंभरावर विहिरी जमिनीखालच्या बोगद्याने जोडून डोंगरातले झिरपते पाणी शहरात आणले. त्या मुलीला हे तेव्हाच सांगायला हवे होते. अशा इमारतीमागे नुसती बेगमांची चैन नव्हती, पाण्याचे आणि देहाचे गणित होते. हमामाचे भाग्य मात्र सगळीकडे सारखे नव्हते. स्पेनमध्ये 1567 च्या राजाज्ञेने ग्रॅनडाच्या मोरिस्कोंची, म्हणजे जबरीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांची, स्नानगृहे बंद केली. अंघोळ करणारा माणूस संशयित ठरला.

आता घरातले सांगतो. अब्बांना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार. तळपाय बधिर झाले होते, तरी दुखतात म्हणायचे. कुणीतरी गरम-थंड पाण्याच्या उपचाराचे एक केंद्र सुचवले. आम्हीच त्यांना घेऊन गेलो. भिंतीवर झऱ्याचे चित्र, मंद संगीत, दहा बैठकींचे पैसे आगाऊ. एक टब कढत पाण्याचा, दुसरा बर्फाचा. ह्यातून त्यात, त्यातून ह्यात. मधुमेह आहे का, हे कुणी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही, कारण पाण्याने काय होणार? बधिर पायाला चटका कळत नाही. घरी येऊन मोजे काढले तेव्हा फोड दिसले. तीन महिने मलमपट्टी चालली, तरी शेवटी एक बोट काढावे लागले. अब्बा कुणालाच दोष देत नाहीत, आणि तेच आम्हाला जास्त लागते.

त्यानंतर आम्ही यूनानीतले 'इलाज बित्तदबीर' वाचायला घेतले. औषधाऐवजी शेक, मालीश, स्नान यांनी करायचे उपचार त्यात येतात. शेकाला तकमीद, धार सोडण्याला नतूल, कमरेपर्यंत पाण्यात बसवण्याला आबजन आणि पाय धुण्या-बुडवण्याला पाशोया. आजही यूनानी महाविद्यालयांत हा विषय शिकवतात. पण यातले कुठलेही पाणी आणण्याआधी हकीम मनगट धरतो, मिजाज विचारतो, वय आणि ऋतू पाहतो. त्या केंद्रात गरम होते, गार होते. मधली खोली नव्हती.

पाशोया हा शब्द पुस्तकात भेटला तेव्हा नानी आठवली. तिला अक्षरओळख नव्हती. आमच्या जिल्ह्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. रामाच्या आख्यायिकेचे ते स्थान; खरजेची, सांधेदुखीची माणसे तिथे येतात आणि नानीही जायची. गोमुखातून पडणाऱ्या पाण्याखाली ती एकदम बसत नसे. आधी पायावर घ्यायची, मग गुडघ्यावर, मग खांद्यावर. घरी आम्हाला ताप आला की परातीत कोमट पाणी काढून त्यात आमचे पाय सोडायची. पाणी हाताने कधीच पाहत नसे. बाही वर सारून कोपर बुडवायची, कारण चुलीपाशी राबलेल्या हाताला ऊन कळत नाही, असे ती म्हणे.

अम्मीच्या गुडघ्यांना हिवाळ्यात शेक लागतो. पाणी आम्हीच काढतो आणि कोपर बुडवून पाहतो. अब्बा समोरच्या खुर्चीत बसून विचारतात, "देखा ना ठीक से?"