विद्यार्थ्यांच्या मतलेखनाचे मूल्यमापन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

महाविद्यालयीन वार्षिकांकांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. त्यातील कथा-कवितांकडे वाङ्मयाचे अभ्यासक क्वचित वळतात. प्राचार्यांच्या अहवालातून संस्थेच्या इतिहासकाराला आकडे मिळतात. विद्यार्थ्याने एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर मांडलेले मत मात्र दोघांच्याही दृष्टीतून निसटते. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष हानिकारक आहे. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा १८६९ चा जमीनमहसूल बंदोबस्ताचा अहवाल किंवा १९०९ चे चांदा जिल्ह्याचे गॅझेटिअर ही या प्रदेशाविषयीची नित्य उद्धृत होणारी साधने अधिकाऱ्यांनी लिहिलेली आहेत. येथील शिकलेल्या तरुणाने आपल्या परिसराविषयी काय विचार केला, हे सांगणारी छापील साधने थोडी आहेत, आणि वार्षिकांकातील मतलेख हे त्यांपैकी एक होय. म्हणूनच त्याचे मोल कोणत्या कसोटीवर ठरवावे, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा राहत नाही.

विद्यार्थ्यांच्या मतलेखनाची परंपरा मराठीत जुनी आहे. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन झाली. तिच्या मराठी शाखेचे 'ज्ञानप्रसारक' हे मासिक १८५० मध्ये निघाले. सभेत निबंध वाचावा, त्यावर चर्चा व्हावी, आणि मग तो छापला जावा, असा हा व्यवहार होता. म्हणजे मत छापण्यापूर्वी ते समवयस्कांसमोर तपासले जात असे. त्या पिढीची भाषा आजच्या वाचकाला कदाचित भिडस्त वाटेल. परंतु याच सभेने १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लेखनाचे वजन केवळ शब्दांवरून ठरविता येत नाही, हे स्पष्ट होते.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. मतलेखाचे मूल्यमापन करताना सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे पुढे काय घडले त्यावरून मागील मत खरे वा खोटे ठरविणे. दोन उदाहरणे कल्पून पाहावीत. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. २०१५ च्या अंकात एखाद्याने बंदीला विरोध केला असेल, तर २०२१ च्या निर्णयाने तो लेख आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. आणि बंदीचे समर्थन करणारा लेख त्याच कारणाने हीनही ठरत नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी होती. तेथील अनुभव समर्थकाने अथवा विरोधकाने विचारात घेतला काय, हाच खरा प्रश्न आहे. दुसरे उदाहरण बांबूचे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज मानला. १९९० च्या सुमारास 'बांबू गावाचा आहे' असे कोणी लिहिले असेल, तर काळाने ते मत उचलून धरले असे म्हणता येईल. तथापि बुरुडांच्या उपजीविकेचा, कागद कारखान्यांना मिळणाऱ्या पुरवठ्याचा व निस्तार हक्कांचा विचार त्यात नसेल, तर ते भाकीत ठरेल, युक्तिवाद नव्हे. सारांश, लेखकाला त्या काळी काय जाणता येणे शक्य होते व त्याने त्यातील किती उपयोगात आणले, ही पहिली कसोटी होय.

दुसरी कसोटी प्रतिपक्षाच्या मांडणीची. विरोधकाचे म्हणणे त्याच्या दुबळ्या रूपात मांडून खोडणे सोपे असते. दारूबंदीच्या समर्थकाने आदिवासी जीवनातील मोहाचे स्थान लक्षात घेतले आहे काय, आणि विरोधकाने घरोघरच्या स्त्रियांचे दुःख मोजले आहे काय, हे पाहिले पाहिजे. येथेच भाषेचा प्रश्नही उपस्थित होतो. वार्षिकांकाची रूढ विभागणी मराठी, हिंदी व इंग्रजी अशी असते. ज्याची घरची भाषा माडिया किंवा गोंडी आहे, तो विद्यार्थी परक्या भाषेत मत मांडतो. त्याच्या वाक्यरचनेतील शैथिल्याला विचाराचे शैथिल्य समजणे हा परीक्षकाचा दोष होय.

तिसरी कसोटी परिस्थितीची. वार्षिकांकाला मार्गदर्शक प्राध्यापक असतात, आणि संस्थेची प्रतिष्ठा त्यात गुंतलेली असते. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात मुद्रणावर नियंत्रण होते. १९८० नंतर गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवादी चळवळ शिरली, आणि बंदूकधारी दोन पक्षांमध्ये सापडलेल्या गावातील विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने काय लिहावे, हा जिवाचा प्रश्न झाला. अशा काळातील अंकात हुंडा, स्वच्छता, शिस्त यांवरच लेख आढळले, तर त्यावरून तरुण विचारशून्य होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. अभ्यासकाने मौनाचीही नोंद घ्यावी. मात्र त्या मौनात आपल्या मनातील मत घुसडू नये.

या कसोट्या बाहेरून आणलेल्या आहेत, असा आक्षेप येण्याचा संभव आहे. त्यास उत्तर याच प्रदेशात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्यापूर्वी अनेक वर्षे तेथे अभ्यासगटात प्रश्नाची छाननी करावी व ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घ्यावा, अशी पद्धत चालत आली होती. मत बनविण्यापूर्वी अभ्यास, आणि निर्णयापूर्वी विरोधकाचे समाधान, असा हा क्रम आहे. मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या सभेतील व्यवहाराशी त्याचे साम्य सहज ध्यानात येईल.

१९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना होऊन येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठापासून विलग झाली. अशा स्थित्यंतरांत सर्वप्रथम रद्दीत जातात ते जुने अंक. त्यांची सूची करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्या सूचीत लेखाच्या गुणवत्तेचा शेरा मारण्याची घाई नसावी. लेख कोणत्या साली, कोणत्या प्रश्नावर, कोणत्या माहितीच्या आधारे लिहिला गेला, एवढे नोंदले तरी पुढील मूल्यमापनाला भक्कम पाया लाभेल.