आधी समोरच्याचं म्हणणं

परवा एका डिझाइन रिव्ह्यूमध्ये दोन तास खडाजंगी झाली. प्रत्येक जण आपलंच घोडं पुढे दामटत होता. समोरच्याचं म्हणणं काय, असं विचारलं असतं तर एकालाही धड सांगता आलं नसतं (मलाही नाही). घरी येताना बसमध्ये थॉमस अक्वायनस आठवला. तेराव्या शतकातला, इटलीतला डोमिनिकन संन्यासी आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञानातलं बडं प्रस्थ. गेले काही वीकेंड मी त्याचा 'सुम्मा थिओलॉजिए' चाळतोय.

या ग्रंथाची रचनाच भारी आहे. आधी प्रश्न, मग लगेच स्वतःच्या मताविरुद्धचे आक्षेप, त्यानंतर स्वतःचं उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचं निरसन. आपल्या शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्षच म्हणा ना! 'देव आहे का?' या प्रश्नाची सुरुवातसुद्धा देव नसल्याच्या युक्तिवादांनी होते, आणि ते लुटुपुटूचे नाहीत.

हे सोपं नव्हतं. पॅरिसमध्ये १२१० आणि १२१५ साली अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला बंदी घातली होती. थॉमसनं मात्र त्याच अ‍ॅरिस्टॉटलला, शिवाय इब्न सिना, इब्न रश्द आणि ज्यू पंडित मायमोनिडीस यांना पानोपानी सोबत घेतलं.

ज्ञान आणि शहाणपण यांत तो फरक करतो. नीतिशास्त्र शिकलेला माणूस विचार करून योग्य काय ते सांगतो. पण सद्गुण ज्याच्या अंगी मुरलाय त्याला ते आतूनच कळतं. देवाबद्दलचं शहाणपणही तसंच, प्रेमातून येणारं.

मी अडखळलो ते पुढेच. सदसद्विवेकबुद्धी चुकत असेल तरी तिच्याविरुद्ध वागणं पापच, असं तो म्हणतो. उदाहरण कुठलं घ्यावं? ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणं वाईट आहे असं एखाद्याला मनापासून वाटत असेल, तर त्यानं तशी श्रद्धा ठेवणं हेही पाप! एका संन्याशानं तेराव्या शतकात हे लिहावं, म्हणजे कमाल आहे. (चुकीला माफी मिळेलच असं नाही, हेही तो पुढच्याच कलमात सांगतो. अज्ञान स्वतःच ओढवून घेतलेलं असेल तर सुटका नाही.)

आणि याच ग्रंथात, पाखंडी माणसानं हट्ट सोडला नाही तर त्याला राजसत्तेकडे सोपवून देहदंड द्यावा, असंही तो लिहितो. खोटी नाणी पाडणाऱ्याला मृत्यू, मग श्रद्धा भ्रष्ट करणाऱ्याला का नको, हा त्याचा तर्क. काळाचा महिमा म्हणून सोडून देता येईल, पण मला ते पटत नाही. पाखंड्याची सदसद्विवेकबुद्धी त्याला बांधून ठेवते, हे थॉमसइतकं नीट दुसऱ्या कुणी मांडलं होतं? आक्षेप लिहून काढायची सवय असलेल्या माणसाला हा आक्षेप सुचला नसेल?

असो. ६ डिसेंबर १२७३ रोजी नेपल्समध्ये सकाळच्या प्रार्थनेत त्याला काहीतरी अनुभव आला आणि त्यानं लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. सोबती रेजिनाल्डनं गळ घातली, तेव्हा आजवर लिहिलेलं सगळं आता वाळल्या काडीसारखं वाटतंय, असं तो म्हणाला म्हणतात. तीन महिन्यांनी, ७ मार्च १२७४ रोजी, तो गेला. ग्रंथाचा तिसरा भाग प्रायश्चित्ताच्या प्रकरणात मध्येच तुटला. पुढचा मजकूर त्याच्या मागे राहिलेल्यांनी त्याच्याच तरुणपणीच्या लिखाणातून उचलून जोडला. आमच्या भाषेत, कॉपी-पेस्ट.