भुतिया, बायचुंग

भुतिया, बायचुंग : (१५ डिसेंबर १९७६). भारताचे माजी फुटबॉल कर्णधार व आघाडीपटू. जन्म सिक्कीममधील तिंकिताम येथे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या शिष्यवृत्तीवर गंगटोकच्या ताशी नामग्याल अकादमीत शिक्षण. १९९३ मध्ये ईस्ट बंगालमध्ये दाखल. १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगमध्ये विजेत्या जेसीटीकडून स्पर्धेतील सर्वाधिक गोल. १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबशी करार. पुढे काही काळ मलेशियातही खेळले. आंतरराष्ट्रीय सामने शंभराच्या वर की ऐंशीच्या घरात, गोल चाळीस की सत्तावीस, याबाबत एकवाक्यता नाही. कोणते सामने अधिकृत धरायचे यावर आकडे बदलतात.

भुतियांचे मोठेपण सहसा कोलकात्यात मोजले जाते. १९९७ च्या फेडरेशन चषक उपांत्य सामन्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांनी मोहन बागानविरुद्ध केलेली हॅट‌्ट्रिक त्यासाठी पुरेशी आहे. मात्र गोल करणारे आघाडीपटू भारताला त्यांच्या आधीही मिळाले आणि नंतरही. भुतियांचे वेगळेपण असे की खेळाडूला स्वतःचे मत असते व खेळाच्या कारभारात त्या मताला वजन हवे, हा आग्रह त्यांनी खेळत असताना आणि निवृत्तीनंतरही सोडला नाही. २००६ मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉलपटूंच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. या आग्रहाची कसोटी मात्र बहुतेक वेळा दिल्लीत लागली.

दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर भारताने २००७ चा नेहरू चषक सीरियाला १-० ने हरवून जिंकला, गोल एन. पी. प्रदीपचा. २००८ चा एएफसी चॅलेंज चषकही याच मैदानावर मिळाला आणि त्यामुळे २७ वर्षांनी आशियाई चषकाचे दार उघडले. २००९ च्या नेहरू चषक अंतिम सामन्यात जादा वेळेत रेनेडी सिंगच्या फ्री किकने आघाडी मिळाली, अगदी शेवटच्या क्षणी सीरियाने बरोबरी साधली आणि पेनल्टींवर गोलरक्षक सुब्रत पालने सामना राखला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू भुतिया ठरले. विजेतेपदांच्या या काळातच, एप्रिल २००८ मध्ये, दिल्लीत ऑलिंपिक ज्योत घेऊन धावण्याचे निमंत्रण तिबेटी जनतेला पाठिंबा म्हणून त्यांनी नाकारले. राजपथावरची ती दौड कडेकोट बंदोबस्तात, सामान्य प्रेक्षकांना दूर ठेवून, जेमतेम सव्वादोन किलोमीटरांत उरकण्यात आली. राष्ट्रीय कर्णधाराने राजकारणात पडू नये, हा आक्षेप तेव्हा घेता येण्याजोगा होता. पण ज्योत हाती घेणे हीदेखील एक भूमिकाच होती. भुतियांनी आपली उघडपणे सांगितली, एवढाच फरक.

२४ ऑगस्ट २०११ रोजी निवृत्ती. १० जानेवारी २०१२ रोजी जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर बायर्न म्युनिकविरुद्ध निरोपाचा सामना. भारत ०-४ ने पराभूत. तत्पूर्वी २०१० मध्ये त्यांनी दिल्लीत बायचुंग भुतिया फुटबॉल स्कूल्स सुरू केली. येथे शुल्क आकारून मुलांना प्रशिक्षण दिले जाते. जो खेळाडू स्वतः सरकारी शिष्यवृत्तीवर घडला त्याने पैसे मोजणाऱ्यांसाठी शाळा काढावी, यावर टीका होऊ शकते आणि ती अगदीच निराधार नाही. तरीही महानगरातील मुलांना नियमित, वयोगटानुसार प्रशिक्षण देण्याचे काम महासंघ वा क्लब पुरेसे करत नव्हते, ही वस्तुस्थिती त्या टीकेसोबत ठेवावी लागते.

सर्वांत कठीण कसोटी २०२२ ची. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार प्रशासक समितीकडे दिला. ३६ नामवंत माजी खेळाडूंना मताधिकार देण्याची योजना पुढे आली, महासंघाच्या कारभारातील या बाह्य हस्तक्षेपावरून फिफाने ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केले आणि खेळाडूंची मते मतदारयादीतून वगळल्यावर अकराएक दिवसांत निलंबन उठले. २ सप्टेंबरला दिल्लीतील महासंघाच्या मुख्यालयात, फुटबॉल हाउसमध्ये, अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि भुतिया माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांच्याकडून ३३-१ ने हरले. निवडणुकीत राजकीय हस्तक्षेप झाल्याचा त्यांचा आरोप होता. चौबेही व्यावसायिक खेळाडूच, तेव्हा अध्यक्षपद अखेर खेळाडूकडेच गेले, असे म्हणता येते. ते खरे असले तरी मते राज्य संघटनांची होती. खेळाडूंमध्ये भुतियांना किती पाठिंबा होता हे या निकालावरून ठरत नाही. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या निवडीत तांत्रिक समितीला डावलल्याचे कारण देऊन त्यांनी त्या समितीचे सदस्यत्वही सोडले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मान्य केलेल्या महासंघाच्या घटनेत माजी खेळाडूंना सर्वसाधारण सभेत स्थान मिळाले आहे. हे एकट्या भुतियांचे यश नव्हे, पण २०२२ मध्ये ते ज्या मुद्द्यावर उभे होते तो मुद्दा मतदानात हरूनही टिकला.

राजकारण : तृणमूल काँग्रेसतर्फे दार्जिलिंग (२०१४) व सिलीगुडी (२०१६) येथे पराभव, २०१८ मध्ये हमरो सिक्कीम पक्षाची स्थापना, २०२४ मध्ये राजकारणातून निवृत्ती.

सन्मान : अर्जुन पुरस्कार (१९९८), पद्मश्री (२००८).